दुसरा हार

"हार एकच आणू," नारायणराव म्हणाले. "झेंडूचा भाव ऐकला का? पन्नासले एक."

"दोन," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि पुढच्या ओळीकडे वळल्या.

यादी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर होती. सोयाबीनच्या पैशातून बियाण्याचे, दवाखान्याचे आणि विजेच्या बिलाचे बाजूला काढल्यावर दिवाळीला नऊ हजार उरले होते. अनुपमाचं पातळ चोवीसशे, जावयाचे कपडे बावीसशे, जावयाला चांदीची अंगठी अठराशे, किराणा सतराशे, पूजेचं सामान चारशे. त्याखाली रुक्मिणीबाईंचं लुगडं नऊशे आणि नारायणरावांचं धोतर सहाशे. बेरीज दहा हजार येत होती.

रुक्मिणीबाईंनी लुगड्यावर रेघ मारली.

"आता शंभरच जास्त होते."

"म्हणून तर म्हनतो, हार..."

"तेलाची एक पिशवी कमी करते. दीडशे वाचले. चकल्या थोड्या करीन."

"जावई काय म्हनन?"

"जावयाच्या ताटात कमी नाई पडनार. तुमच्या पडन."

नारायणराव हसले. "मंग माह्या धोतरावरही मार रेघ."

"फाटक्या धोतरानं बसता का जावयासमोर? राहू द्या."

वैशाखात अनुपमाचं लग्न झालं होतं. मोताळ्यात, याच दारात मांडव घालून. कन्यादान नारायणरावांनी केलं. पंगत चालू असताना देऊळगाव राजाहून आलेली नवरदेवाकडची एक पाहुणी शेजारणीला हळूच म्हणाली होती, "दिवाळसणाले कोन बलावते इले?" रुक्मिणीबाई तेव्हा वरण वाढत होत्या. त्यांनी ऐकलं, आणि ती पंगत शेवटपर्यंत वाढली.

तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं. जावयाचा पहिला दिवाळसण रीतसर व्हायला हवा. परत जाताना अनुपमाची पिशवी भरलेली असायला हवी. हिच्या मागे कोणी नाही, असं त्या घरात पुन्हा कोणी म्हणायला नको.

आठवडी बाजारात शेजारच्या अन्नपूर्णाबाई भेटल्या. त्यांनी रुक्मिणीबाईंच्या हातातलं पातळ उलटंपालटं करून पाहिलं.

"जरीचं? कायले एवढं करून राह्यली वं रुक्मिणी? ते गेली आपल्या घरी. दोन पैसे म्हातारपनाले ठेव."

"ठेवले हायेत."

"कुठं?"

"हे काय, तुमच्या हातात."

अन्नपूर्णाबाईंनी पातळाची घडी घालून परत दिली. मग स्वतःच्या पिशवीतल्या डझनभर पणत्यांमधल्या चार काढून रुक्मिणीबाईंच्या पिशवीत टाकल्या. "मले जास्त झाल्या," त्या म्हणाल्या.

दिवाळीला दोन दिवस असताना अनुपमाचा फोन आला.

"आई, येनं नक्की नाई सांगत. सासूबाई अजून काही बोलल्या नाईत."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको. हे इचारतो म्हनले."

"बरं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी अनारशाच्या पिठाचा डबा पुन्हा झाकला. या घरात अनारसे अनुपमाच तळायची. पहिल्या वर्षी तिचे सगळे तुपात विरघळले होते आणि ती चुलीपुढे बसून रडली होती. त्यानंतर मात्र तिला असे जमले, की रुक्मिणीबाईंनी झाऱ्याला हात लावणं सोडलं.

"तूच तळून घे या वर्षी," नारायणराव म्हणाले.

"पीठ टिकते."

दिवाळीच्या सकाळी बुलढाण्याहून येणारी पहिली बस गेली. दुसरी गेली. नारायणराव नवं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. ते उठून आत आले आणि पुन्हा बाहेर जाऊन बसले.

तिसऱ्या बसनं अनुपमा आणि जावई गणेश उतरले.

रुक्मिणीबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. गणेशनं वाकून दोघांना नमस्कार केला आणि एक पिशवी पुढे केली.

"आईनं देल्ली. विहिनबाईंच्या हातात दे म्हने."

आत लुगडं होतं, हिरव्या काठाचं. रुक्मिणीबाई काठावरून बोट फिरवत राहिल्या.

"नऊशेच्या वरचं दिसते," नारायणराव म्हणाले.

"तुमी गप्प बसा."

अनुपमा हातपाय धुऊन सरळ चुलीशी गेली. तिनं डबा उघडला, पिठाचा वास घेतला आणि म्हणाली, "जमलं, आई." ती खसखशीवर अनारसे थापू लागली. बांगड्या मागे सारल्या, तेव्हा मनगटावरचा मोठा काळा तीळ पिठानं पांढरा झाला.

दुपारी गणेशला पाटावर बसवलं. कपडे दिले, अंगठी दिली. अंगठी थोडी सैल होती.

"चालते," तो म्हणाला. "मानूस सासरी आला की अंगानं सुटतेच." अनुपमानं त्याच्या ताटात अजून एक अनारसा टाकला.

दिवेलागणीला पूजा झाली. एक हार लक्ष्मीच्या तसबिरीला घातला. दुसरा परातीत राहिला होता. रुक्मिणीबाई तो उचलायला वाकल्या, तर अनुपमा म्हणाली, "द्या, मी घालते."

मधल्या खोलीत उंच जागी फोटो होता. गणेशनं न सांगता स्टूल आणून ठेवलं आणि ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. अनुपमा वर चढली. तिनं आधी पदरानं काच पुसली.

फोटो कुलदीपचा होता, नारायणराव-रुक्मिणीबाईंच्या एकुलत्या एका मुलाचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा त्याच्या लग्नातल्या फोटोतून हा घाईनं कापून मोठा करून घ्यावा लागला होता. नवरी कापली गेली होती, पण फेटा बांधलेल्या कुलदीपचा हात धरलेला हिरव्या चुड्याचा एक हात कडेला राहून गेला होता. त्या हाताच्या मनगटावर मोठा काळा तीळ होता.