मिळमिळीत फुरसं

दवाखान्यात विषावरच्या औषधाची दहावी बाटली संपली तरी जावईबापूंच्या हिरड्यांतलं रक्त थांबेना, तेव्हा शिगवण मास्तरांना, खोटं कशाला बोला, किंचित अभिमानच वाटला. बार्शीच्या या जावयाला लग्नापासून कोकणातलं सगळंच मिळमिळीत लागे. आमटी, हवा, माणसं. सकाळी काजूच्या पाचोळ्यात फुरसं चावलं, तर पाय धरून म्हणतो कसा, ‘‘घाबरू नका, मामा. आमच्या शेतातलं चावलं होतं, तेव्हा दहा बाटल्यांत घरी आलो. तुमचं तर मिळमिळीतच असणार!’’

‘‘औषध बनतं लांबच्या सापांच्या विषापासून,’’ अकरावी बाटली लावत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘साप तोच, पण मुलूख बदलला की विष बदलतं. तुमच्याकडच्या फुरशाला हे कमी पडतंय.’’

मास्तरांची मान ताठ झाली. पंधराव्या बाटलीला ती खाली गेली. अठराव्या बाटलीला लेक येऊन दाराशी उभी राहिली आणि मास्तर मनातल्या मनात ग्रामदेवीला विनवू लागले, ‘आई, आमचं फुरसं मिळमिळीत निघू दे. आमटीसुद्धा मिळमिळीत असू दे.’

बाविसाव्या बाटलीनंतर रक्त थांबलं. संध्याकाळी जावयाने डोळे उघडले आणि रिकाम्या बाटल्यांची रांग पाहिली.

‘‘मानलं, मामा. तुमचं फुरसं जालीम!’’

नऊ वर्षं मास्तर या कौतुकाची वाट पाहत होते. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

‘‘छे हो, जावईबापू. अगदीच मिळमिळीत.’’