मागची सीट

"मागची सीट ह्यांची," असं म्हणून आजी जोडसायकलच्या पुढच्या सीटवर चढून बसली.

तिचा मुलगा जागीच थबकला. आपण पुढे, आई मागे, या बेताने त्याने ती दोन सीटची सायकल भाड्याने घेतली होती. "आई, बाबांना जाऊन वर्ष होत आलं गं," तो हळूच म्हणाला.

"मग? गेलेल्या माणसाने सायकलवर बसू नये, असा तुमच्या या देशात कायदा आहे का?"

सूनबाईने नवऱ्याला डोळ्यांनीच गप्प केलं. आजी परदेशात मुलाकडे आल्यापासून हे असंच चाललं होतं. आजोबा बोलतात, आजोबा रुसतात, आजोबांना इथे करमत नाही. तिकडच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं. उद्या आजीने सही केली की घर जाणार आणि ती कायमची इथे राहणार. आणि आजोबा मात्र रोज सकाळी चहाच्या वेळी, अर्थात आजीच्या तोंडून, घर विकायला सपशेल नकार देत होते.

मुलाने स्वतःसाठी दुसरी सायकल घेतली आणि निघाले सगळे. आजीने पहिला जोर दिला तसं पायाखाली काहीतरी खट्कन वाजलं. सायकल जराशी डगमगली आणि मग अशी सुटली की बघत राहावं. सायकलवाला दुकानातून धावत बाहेर आला आणि दोन्ही हात हलवून त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला.

"किती लाघवी माणसं!" म्हणत आजीने हात हलवला. मग सगळ्यांनीच हलवला.

नदीकाठच्या रस्त्याला खाण्याच्या गाड्या लागल्या होत्या. वारा अजिबात नव्हता. पहिल्या गाडीवर गरम तळलेले बटाटे होते. आजीने दोन बोटं दाखवली. "एक माझी, एक ह्यांची."

घरी साखरेचा डबा आजीपासून लपवणारी सूनबाई आजोबांच्या प्लेटला नाही कसं म्हणणार! आजी दुसरी प्लेट घेऊन सायकलीच्या आडोशाला गेली आणि रिकामी करून आली. "आवडले म्हणाले. मीठ जरा कमी पडलंय."

नातीला घरात सगळे ठकी म्हणत. ठकी आपली छोटी सायकल धरून उभी होती. तिला दिसलं, की स्टँडवर उभ्या असलेल्या जोडसायकलचं मागचं पेडल हळूच अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं.

पुढच्या गाडीवर भाजलेली कणसं. तिथेही दोन. त्याच्या पुढे साखरेत घोळवलेल्या गरम पुऱ्या. या वेळी ठकी आजीच्या मागोमाग आडोशाला गेली. आजीच्या ओठांवर साखर होती.

"आजी! तूच खातेस!"

"हळू बोल गं भवाने."

"म्हणजे आजोबा नाहीत?"

आजी घास चघळायची थांबली. "ते असते तर मला एवढी थापेबाजी करावी लागली असती का? तुझ्या बाबाने माझं कधी ऐकलंय? ह्यांचा शब्द मात्र त्याने एकदाही मोडला नाही. म्हणून ह्यांना पुढे करते. मला माझ्या घरी जायचंय, ठके. आता तोंड बंद. ही घे अर्धी पुरी."

ठकीने लाच तोंडात टाकली. "पण मागची पेडलं फिरतात. मी पाहिलं."

"फिरणारच. पुढची पेडलं साखळीने मागच्या पेडलांना जोडलेली असतात आणि मागची दुसऱ्या साखळीने चाकाला. मी पाय मारते, म्हणून ती फिरतात."

पुलाचा चढ आला. मुलगा धापा टाकत उतरला, सूनबाई उतरली, दोघंही सायकली ढकलू लागली. आजी त्यांच्या शेजारून सुर्रकन वर गेली. मधेच ओढणी सावरायला तिने पाय थांबवले, तरी सायकल चढतच राहिली. वर पोचली तेव्हा तिला धापही लागली नव्हती.

"इतकी हलकी सायकल जन्मात चालवली नाही," ती म्हणाली.

मुलाने तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या सीटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बाबा खरंच घर विकू नको म्हणतायत?"

"म्हणतायत."

"बरं. त्यांना सांग, नाही विकत. परतीची तिकिटं काढतो."

"एकच काढ," आजी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. "म्हणजे, ह्यांना कुठे लागतंय!"

ठकीने हसू दाबलं.

दुकानाशी परतले तेव्हा सायकलवाला दारातच वाट पाहत होता. त्याच्या हातात तेलाने काळी झालेली साखळी लोंबत होती. तो भराभरा बोलत सुटला. मुलाने ऐकून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं,

"आई, हा म्हणतोय, सकाळी तुम्ही निघालात तेव्हा इथे दारातच ही तुटून पडली. म्हणून हाका मारत होता. विचारतोय, दिवसभर ढकलत नेलीत का?"

"कुठली साखळी?"

"पुढच्या पेडलांना मागच्यांशी जोडणारी. ती नसली तर पुढच्याने कितीही पाय मारले तरी चाक हलत नाही म्हणे."

आजीने वाकून पुढच्या पेडलाला एक टिचकी मारली. ते गरागरा फिरत राहिलं. मागचं जागचं हललं नाही.

आजीने ओढणीच्या टोकाने ओठांवरची साखर पुसली आणि सावकाश मागच्या सीटकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "मग दिवसभर तुम्ही उपाशीच?"