तसबिरीतलं कुंकू

रत्नागिरीत आगाशांकडे चैत्रगौरीला मथुराचं कुंकवाचं पहिलं बोट सासूबाईंच्या तसबिरीला. मामंजींनी १८८२ साली बायकोची तसबीर रंगवली, कपाळी कुंकू, हाती हिरव्या बांगड्या, आणि त्याच वर्षी ती भरल्या कपाळाने गेली, म्हणून मान तिचा.

"मामंजी, सासूबाईंना कुंकू लावत्ये हो!"

"लाव हो. पन्नास वर्षं वाट बघत्ये ती," ओटीवरच्या झोपाळ्यावरून म्हातारा म्हणाला.

मथुराने पदराने तसबीर पुसली, करंड्यात बोट बुडवलं आणि वर पाहिलं. डोळे तेच, हसू तेच. कपाळ मात्र कोरं.

आपणच पुसलं की काय? पदराला डाग नव्हता. रंगवलेल्या हातांतल्या हिरव्या बांगड्याही नव्हत्या.

बोटावरचं कुंकू तसंच ठेवून तिने हात जोडले.

ओटीवर झोपाळ्याच्या कड्या हळूहळू कुरकुरायच्या थांबल्या.