धनूतला गुरू

"घाई नाही, काका. पण निकाल आजच हवा," असे म्हणत तनयाने पर्समधून काढलेली कापसाची घडी टेबलावरच्या मखमलीवर ठेवली.

श्रीनिवासरावांनी कापूस उलगडला. आत तळहात भरेल एवढे काशाचे हिरवट नाणे होते. त्यांनी ते कडेने धरून खिडकीकडे नेले. एका बाजूस रोमन सम्राट अँटोनायनसचे मुख. दुसऱ्या बाजूस धनुष्य ताणून धावणारा अश्वमानव आणि त्याच्या वर गुरूचे दाढीधारी मस्तक व एक तारा.

त्यांनी नाणे पुन्हा एकदा उलटून पाहिले. चेहरा मात्र हलला नाही.

या सम्राटाच्या काळी अलेक्झांड्रियाच्या टाकसाळीने बारा राशींची नाणी पाडली होती. प्रत्येक राशीसोबत तिचा स्वामी ग्रह: मेषेसोबत मंगळ, कर्केसोबत चंद्र, सिंहेसोबत रवी. हीच व्यवस्था श्रीनिवासरावांनी बालपणी पाठशाळेत संस्कृत श्लोकांतून मुखोद्गत केली होती. नाईलच्या मुखाशी आणि कृष्णेच्या काठी एकच आकाश वाचले गेले, या विचाराने आजही त्यांचे हात जोडले जात. प्राध्यापकीच्या वेतनात आणि पुढे निवृत्तिवेतनात त्यांनी झिजलेले, डागाळलेले नग आयुष्यभर जमवले होते. अकरा राशी मिळाल्या. धनू मिळाली नव्हती.

"हे श्यामकडे होतं?" त्यांनी विचारले.

"बाबांनी शेवटच्या आजारपणात घेतलं. बेल्जियमच्या कुणा वृद्ध संग्राहकाकडून. खरं की खोटं, याची त्यांनाच खात्री नव्हती."

श्याम दातार गेल्या महिन्यात निवर्तले होते. पुण्यातील नाणेसंग्राहकांच्या मंडळात त्यांचा आणि श्रीनिवासरावांचा स्नेह आणि स्पर्धा दोन्ही एकत्रच वाढली होती.

"बाकीचा संग्रह एका संस्थेला दिला," तनया म्हणाली. "हे एवढंच उरलंय. याचं काय करायचं, ते तुम्ही काय म्हणता त्यावर."

श्रीनिवासरावांच्या पत्नी मंदाकिनीबाई कॉफी घेऊन आल्या. "अहो, पोरीला आधी पाणी तरी विचारायचंत. का तेही भिंगाखाली तपासणार होतात?"

श्रीनिवासरावांनी नाणे काट्यावर तोलले, भिंग लावून कड फिरवली. साच्याची रेघ कुठेही नव्हती. नकली नाण्यांच्या ओतकामात राहतात तसले हवेचे बारीक खड्डे नव्हते. हिरवा थर अक्षरांच्या मुळांपर्यंत उतरला होता. नाणे खरे होते. इतके खरे, की त्यांना नमस्कार करावासा वाटला.

खरे म्हटले, की ही मुलगी ते लिलावात देणार. मग ते कुणा धनिकाच्या लॉकरमध्ये कायमचे निजणार. धनूतला गुरू कुणाला कळायचाही नाही.

"ओतीव आहे," ते म्हणाले.

तनयाचा चेहरा उतरला. "नक्की, काका?"

"कडेला साच्याची रेघ आहे. हल्ली फार हुबेहूब करतात."

"मला दाखवता?"

"तुला दिसायची नाही. त्याला नजर मुरावी लागते."

"बाबाही हेच म्हणायचे. श्रीनिवासने पाहिलं, म्हणजे सुप्रीम कोर्टाने पाहिलं." तिने नाण्याकडे हात नेला.

"राहू दे ना माझ्याकडे," श्रीनिवासराव कपाकडे पाहत म्हणाले. "नवशिक्यांना खोटं नाणं कसं असतं ते दाखवायला उपयोगी पडेल."

"असं कसं, काका? मंडळाचा नियम तुम्हीच घालून दिलात ना?"

नियम त्यांचाच होता. खोटे ठरलेले नाणे पुन्हा कुणाची फसवणूक करू नये, म्हणून त्याच्या मुखावर छिन्नीने आडवा घाव घालायचा. तो घाव, ज्याने नाणे खोटे ठरवले त्यानेच घालायचा. म्हणजे निकाल देणारा जपून बोलतो. मंडळात या नियमाला अपवाद नव्हता.

तनयाने पर्समधून छिन्नी आणि हातोडी काढली. "बाबांचीच आहे. लागलीच तर असावी, म्हणून आणली."

"आज नको. भर दुपारी ठोकाठोक... खालच्यांना त्रास होईल."

"खाली कोण आहे?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "दोघंही ऑफिसला गेलीत." आणि स्वयंपाकघरातून लोखंडी खल आणून त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

नाणे खलावर ठेवले गेले. अजून वेळ होती. "थांब, पुन्हा एकदा पाहतो" एवढे म्हटले असते तरी पुरले असते. वृद्ध माणसाच्या डोळ्यांना कुणी दोष दिला नसता. परंतु श्रीनिवास पानसे यांनी आपला निकाल आजवर कधी फिरवला नव्हता, आणि समोर श्यामची मुलगी टक लावून पाहत होती.

त्यांनी छिन्नी टेकवली. ती एकदा घसरली.

"मी धरू का?" तनयाने विचारले.

"नको."

घाव पडला. वाकण्याऐवजी नाणे कडकन तडकले. भेगेत हिरव्याखाली गडद लाल थर चमकला, युगानुयुगे मातीत मुरल्यावाचून न येणारा. श्रीनिवासरावांनी तो घाईघाईने अंगठ्याखाली झाकला.

तनयाने सुटकेचा श्वास सोडला.

"बरं झालं तुम्हाला आधी विचारलं. मी बावळटासारखी तशीच देऊन बसले असते. बाबांनी बजावलं होतं, श्रीनिवासच्या संग्रहात खोटं नाणं जायला नको, आधी त्याच्याकडूनच तपासून घे. आणि खरं निघालं तर त्याच्या हातावर ठेव आणि सांग, की हे त्याच्यासाठीच घेतलं होतं."