खंडेनवमीचा फोटो

पलीकडं फोन वाजून वाजून थांबला, तसा हंबीररावांनी रिसीव्हर आपटला आणि लगेच पुन्हा उचलला. यंत्राचा काय दोष, असं त्यांच्या पत्नी आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, तर ते त्यांच्यावरच खेकसले. फोन कुणी उचललाच नाही.

फिनलंडमधल्या एका शाळेत तिथल्याच एका विद्यार्थ्यानं गोळ्या घालून माणसं मारली, ही बातमी २००७च्या ऐन दिवाळीत टीव्हीवर आली आणि कोल्हापुरातल्या या घराची झोप उडाली. हंबीररावांची एकुलती एक लेक अक्षता त्याच देशात राहायची. जावई मोबाइलच्या कंपनीत होता आणि दहा वर्षांचा नातू विशू तिकडच्या शाळेत जायचा. बातमीच्या रात्री अक्षताचा फोन आला. ते गाव आमच्यापासून लांब आहे, विशू इथं माझ्यासमोर जेवतोय, असं ती म्हणाली आणि म्हाताऱ्यांच्या जिवात जीव आला. आक्कांनी राहिलेल्या चकल्या तळायला घेतल्या. पण दुसऱ्या दिवसापासून तिकडं कुणी फोन उचलेना. घरचा नाही, मोबाइल नाही, जावयाचाही नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती. गल्लीतल्या पोरांनी टिकल्यांची पिस्तुलं काढली होती. बाहेर ठो झालं की आक्कांच्या हातातला झारा कढईत पडायचा. हंबीरराव दारात जाऊन पोरांना हाकलायचे, आत येऊन टीव्ही लावायचे, बंद करायचे आणि परत दारात जायचे. कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल आडवं झालं त्या रात्रीही हा गडी घोरत पडला होता. आता त्याला चहासुद्धा बसून पिता येईना.

शेजारचे गणपतराव धीर द्यायला आले. नेहमीच्या खुर्चीत बसले आणि सवयीनं त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं विशूचा भलामोठा फोटो होता, आणि फोटोखाली दोन खुंट्यांवर दुनळी बंदूक.

महिनाही झाला नव्हता त्या फोटोला. विशूच्या शाळेला आठवड्याची सुट्टी होती आणि ती नेमकी दसऱ्याला जोडून आली, म्हणून लेक आली होती. खंडेनवमीला हंबीररावांनी वडिलांच्या वेळची ती परवान्याची बंदूक खाली काढली, पुसली, तिला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजा झाल्यावर ती नातवाच्या हातात दिली आणि महाद्वार रोडवरचा फोटोवाला बोलावला. पोरगं बुजून बंदूक पोटाशी धरून उभं राहिलं. हंबीररावांना ते काही पसंत पडेना. त्यांनी विशूच्या डोक्यावर फेटा चढवला, बंदूक खांद्याला लावून दिली, एक डोळा मिटायला शिकवलं आणि कॅमेऱ्यावर नेम धरायला लावलं. फोटो असा झकास आला की खोलीत कुठंही बसा, नळ्या आपल्याकडंच. तुमचा नातू मला सुखानं चहा पिऊ देत नाही, असं गणपतराव दर वेळी म्हणायचे आणि खुर्ची सरकवायचे. हंबीररावांची छाती फुगायची. लेक परत निघाली तेव्हा त्यांनी एक प्रत विशूच्या बॅगेत घातली होती. वर्गात लाव म्हणाले होते, तिकडच्या लोकांना कळू दे आपण कोण ते.

आज गणपतरावांनी चेष्टा केली नाही. हंबीररावच बोलले.

"पोरांच्या हातात बंदुका देत्यातच कशी ही माणसं? आईबापाचं काय ध्यान हाय का न्हाय?"

गणपतरावांनी मान हलवली. हंबीररावांनी त्यांना सांगून टाकलं, की आता पोराला तिथं ठेवायचं नाही. इथल्या शाळेत घालायचं, आपल्या डोळ्यांसमोर.

पाडव्याला दुपारी फोन वाजला. हंबीररावांनी लेकीला हॅलोही म्हणू दिलं नाही.

"अक्षू, पोराला घिऊन पैल्या विमानानं ये. हितं त्याच्या केसाला धक्का लागायचा न्हाय."

"त्याला काय झालं न्हाय, आबा. शाळेनं त्याला घरी बसवलंय."

मग ती थांबून थांबून सांगत गेली. विशूनं तो फोटो वर्गात लावला होता. पंधरा दिवस सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. त्या गोळीबारानंतर आपल्या पोराला न्यायला आलेल्या एका आईनं तो पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातली निम्मी पोरं शाळेत आलीच नाहीत. पोलीस घरी येऊन गेले. बंदूक कुणाची, कुठं असते, याला कुणाचा राग आहे का, सगळं विचारून गेले. काय सांगावं ते कळेना, म्हणून ती दोघं त्यांचा फोन उचलत नव्हती.

"पोरं त्याला भ्यायला लागल्यात, आबा. आपल्या इशूला."

बंदुकीत काडतूस नव्हतं, एवढं तरी सांगावं म्हणून हंबीररावांनी तोंड उघडलं. पण नजर भिंतीवर गेली. विशू एक डोळा मिटून त्यांच्याकडंच बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपली खुर्ची बाजूला सरकवली. नळ्या तिथंही आल्या.

आक्का पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या, काय झालं म्हणून खुणेनं विचारू लागल्या. तेवढ्यात पलीकडं फोन विशूनं घेतला. तो रडत नव्हता. हळू बोलत होता.

"आबा, बंदूक पूजेची हाय म्हणून सांगितलं मी. पण नेम कुणावर धरला होतास, असं विचारत्यात. काय सांगू?"