चमकी

आजी गेल्यावर पोशेरा गावच्या घरातली तिची पेटी उघडली. आत इवलासा लाल परकर, हिरव्या बांगड्या आणि नाकातली चांदीची चमकी बघून प्रगतीच्या पोटात दुखलं. ती स्वतः थोरल्या भावाचे जुने शर्ट घालून वाढलेली. आजीनं तिला कधी साधी रिबीनसुद्धा घेतली नव्हती.

"ही कोण एवढी लाडाची?" ती फणकारली.

रंगूआत्यानं ओटीवर बसलेल्या प्रगतीच्या बापाकडं बोट केलं. "हा काय, तुझा बाप. याच्या आधीचे दोन पोरगे दगावले, म्हणून याला नाक टोचून पोरगीसारखा वाढवला."

"पोरगीसारखा कशाला?"



"पोरीला कोणाची नजर लागते, बाय?"