खराबच पाहिजे

"चालू न्हाई पाहिजे, शेठ. खराब दाखवा," बसवराज म्हणला, अन् लातूरचा पार्टवाला त्याच्या तोंडाकडं बघतच राहिला.

पार्टवाल्याच्या हातात जुन्या जीपच्या टाकीतला फ्लोट होता. म्हणजे तारेला लावलेला पितळी गोळा. पेट्रोल वर आलं की गोळा वर, पेट्रोल उतरलं की गोळा खाली, अन् तसा स्टेअरिंगसमोरचा काटा हलतो. एवढ्या जुन्या गाडीचा फ्लोट मिळणंच नशीब, अन् हे गिऱ्हाईक खराब मागून राहिलं.

"टाकी कितीबी भरली तरी काटा तळालाच पडून राहायला पाहिजे," बसवराजनं समजावलं. पार्टवाल्यानं फ्लोट परत कागदात गुंडाळला अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

आता बसवराज येडा न्हवता. चाकूरकडचं त्याचं गाव, अन् दुष्काळ असा की आडात दगड टाकला तर दगडाचाच आवाज. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या कचेरीला चुना मारला त्यातच जिल्ह्याचं पाणी संपलं, असं लोक म्हणायचे.

गावाला पाणी आणायचे ते बसवराजचे वडील, रेवणप्पा. सगळं गाव त्यांना अप्पाच म्हणायचं. निजामाच्या फौजेतली, लिलावात घेतलेली जीप. तिच्यात पिपं बांधायची, लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून भरून आणायची अन् गल्लोगल्ली वाटायची. बाया रस्त्यातच पाया पडायच्या.

फक्त अप्पांचे डोळे गेले होते. मोतीबिंदू पार पिकला होता. अप्पा म्हणायचे, धूळ हाय. मागच्या बाजारी जीप सरळ घागरींच्या रांगेवरून गेली. घागरींच्या थाळ्या झाल्या. अप्पांना वाटलं, खड्डा. अन् कुणी एक शब्द बोललं न्हाई. ज्या केवळाबाईची घागर चेपली, तिनंच अप्पांना बसायला पोतं टाकलं, चहा दिला, अन् थकलाव म्हणली. ज्याच्या पाण्यावर जगायचं त्याला काय बोलायचं?

बसवराजच्या आईला, शरणम्माला, त्या रात्री घास गेला न्हाई. आज घागरी हायत, उद्या लेकरू असलं मंग? पण अप्पांना "नको" म्हणायची त्या घरात पद्धतच न्हवती. तालुक्याच्या डॉक्टरनं म्हणून बघितलं, तर अप्पांनी त्यालाच जीपमध्ये बसवून घरी सोडलं. डॉक्टर उतरला तो पांढराफटक.

तरी अप्पांचा एक नेम होता. काटा तळाला असला तर गाडी हलवायची न्हाई. एकदा बाळंतपणाला अडलेली बाई मागं, अन् भर माळावर पेट्रोल संपलं होतं. तेव्हापासून सकाळी सीटवर बसलं की गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावायचा, काट्याच्या काचेवर टिचकी मारायची, "हाय, भरपूर हाय" म्हणायचं, अन् मंगच किल्ली. टाकी बसवराज भरायचा, त्यामुळं ती भरपूरच असायची.

"ते माणसाचं ऐकत न्हाईत, बसू," शरणम्मा म्हणली. "काट्याचं ऐकतील."

म्हणजे गाडी आजारी पडली म्हणायचं, नेमापायी अप्पांनी ओट्यावर बसायचं अन् बसवराजनं तीच गाडी नेऊन पाणी आणायचं. गाव तहानेलं राहणार न्हाई अन् अप्पांचा मानबी राहील. बसवराजनं आधी घरचाच फ्लोट खोलून खटपट केली. आतली बारीक तारेची गुंडाळी तुटली अन् काटा जाऊन वर चिकटला तो चिकटलाच. अप्पा दिवसभर खुश.

म्हणून ही वणवण. लातूर झालं, उदगीर झालं, शेवटी नांदेडच्या भंगार बाजारात खाजाभाई भेटला. त्यानंबी आधी चालूच माल काढला. बसवराजनं खराब मागितल्यावर तो हसला न्हाई. बस म्हणला, अन् का ते विचारलं. बसवराजनं सगळं सांगितलं.

खाजाभाईनं हातातला चालू फ्लोट उलटासुलटा फिरवला.

"मला आमच्या अब्बांना सायकलवरून उतरवायला जमलं न्हाई," तो म्हणला. "ट्रकनं उतरवलं."

अन् त्यानं तो चांगला फ्लोट ऐरणीवर धरला, गोळ्यात खिळ्यानं बारीक भोक पाडलं अन् बादलीत सोडला. गोळा बुडबुडे काढत तळाला गेला. घेऊन जा म्हणला, अब्बांच्या नावानं. बसवराजला त्याचे पाय धरावे वाटले.

दुसऱ्या दिवशी अप्पा पूजेला बसलेले असताना बसवराजनं फ्लोट बसवला अन् टाकी गळ्यापर्यंत भरली. काटा तळाला मेल्यासारखा पडून. शरणम्मानं येऊन बघितलं अन् नांदेडच्या दिशेला हात जोडले. समोर गल्लीत बाया घागरी मांडून, लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या.

अप्पा कपाळाला विभूती लावून आले. पोरगं फ्लोटसाठी कुठंकुठं हिंडलं ते त्यांना कळलं होतं. सीटवर बसले. इष्टलिंगाला हात लावला, काचेवर टिचकी मारली. मंग वाकले, एवढे वाकले की कपाळ काचेला टेकलं. अप्पा बघतच राहिले.

मंग त्यांनी हात चाचपत बसवराजचं डोकं शोधलं अन् कुरवाळलं.

"लई उपकार केलेस पोरा. एवढी भरल्याली टाकी म्या लई दिवसांत बघितली न्हवती," अप्पा म्हणले, अन् गाडी सुरू केली.